असईची लढाई टेबलावर : ऐतिहासिक युद्धखेळाचा प्रसंग कसा रचतात

इतिहासातील लढाई टेबलावर पुन्हा मांडून खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. इंचभर किंवा त्याहूनही लहान उंचीचे, हाताने रंगवलेले धातूचे वा प्लॅस्टिकचे सैनिक, कापड, भुसा आणि पुठ्ठा यांतून उभे केलेले डोंगर व नद्या, एक मोजपट्टी आणि मूठभर फासे. एवढ्या साहित्यावर दोन खेळाडू वॉटर्लू किंवा गेटिसबर्गची लढाई पुन्हा लढतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची आपली परंपरा ही या छंदाची चुलत बहीणच म्हणावी लागेल. फरक इतकाच की, आपले मावळे एकदा मांडले की दिवाळी सरेपर्यंत जागचे हलत नाहीत. युद्धखेळातले सैनिक मात्र चालतात, थकतात, पळ काढतात आणि क्वचित इतिहासात हरलेली लढाई जिंकूनही दाखवतात.

या खेळाचा उगम करमणुकीत नाही, लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या राजाला जॉर्ज लिओपोल्ड फॉन राइसविट्झ याने १८१२ मध्ये असा एक खेळ सादर केला. त्याच्या सैनिक मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणून त्याचे नियम सिद्ध केले आणि प्रशियन सैन्याने अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी तो उचलून धरला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून खेळण्यातल्या शिपायांना आणि स्प्रिंगच्या तोफांना नियम दिले. डोनाल्ड फेदरस्टोन यांचे १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आजच्या छंदाचा पाया मानले जाते.

नियमांची पुस्तके बाजारात अनेक मिळतात. पायदळ एका खेळीत किती इंच चालेल, गोळीबाराचा परिणाम कसा ठरवायचा, पलटण केव्हा कच खाईल, हे सारे त्यांत असते. पण विशिष्ट लढाईचा प्रसंग, ज्याला या क्षेत्रात सिनॅरिओ म्हणतात, तो रचावा लागतो. रणभूमी किती आणि कोणती घ्यायची, कोणते सैन्य कुठे उभे करायचे, खेळ किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद, जिंकले कोण हे कशावरून म्हणायचे, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे प्रसंग. ती उत्तरे देताना रचनाकार इतिहासाविषयी आपले मत मांडत असतो, त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

हे नीट समजण्यासाठी आपल्याच भूमीवरची एक लढाई घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेची ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हाच तो सेनापती. नेपोलियनला हरवल्यानंतरही रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी म्हणून तो असईचेच नाव घेई, असे त्याच्या परिचितांनी नोंदवून ठेवले आहे. बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी १९९८ मध्ये आली आणि ज्यांना जालना नकाशावर दाखवता येणार नाही अशांच्याही तोंडी असईचे नाव गेले.

पानिपत का नाही, असे कोणी विचारील. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी मराठी फौज उपाशी होती, तिची रसद तुटलेली होती आणि बरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती. निकालाचा मोठा भाग आधीच्या महिन्यांतच ठरून गेला होता. ती कथा टेबलावर आणायची तर संपूर्ण मोहीम खेळावी लागेल. एका दुपारचा प्रसंग म्हणून असई कितीतरी सोयीची आहे. भूमी लहान आहे, वेळ थोडा आहे आणि शेवटपर्यंत पारडे कुठेही झुकू शकते.

रणभूमी आणि मोजमाप

केळणा आणि जुई या दोन नद्या पूर्वेकडे जात एकमेकींना मिळतात. त्यांच्यामधली जमिनीची जीभ म्हणजे असईचे रणांगण. इंग्रजी वृत्तांतांत या नद्या कैल्ना आणि जुआ या नावांनी येतात. मराठ्यांचे कवायती पायदळ केळणेच्या उत्तर तीरावर दक्षिणेकडे तोंड करून उभे होते. समोरून नदी ओलांडणे वेड्याचे काम ठरले असते. वेलस्लीने पूर्वेकडे, नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर वसलेली दोन गावे पाहिली आणि अशा गावांमध्ये उतार असणारच असा तर्क केला. तो खरा ठरला. उतारावरून पलीकडे जाऊन त्याने पश्चिमेकडे तोंड केले. आता त्याच्या दोन्ही बगला नद्यांनी राखल्या होत्या आणि समोरची आघाडी जेमतेम मैलभराची होती.

आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबल घेतले आणि एक इंच म्हणजे पन्नास यार्ड असे प्रमाण धरले, तर पावणेतीन मैल लांब आणि दोन मैल रुंद भूमी त्यावर बसते. मैलभराची आघाडी सुमारे ३५ इंच भरते. पाचशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी राहिली तर तिची लांबी दीडशे यार्डांच्या आसपास, म्हणजे तीन इंच. पंधरा मिलिमीटर उंचीचा एक सैनिक खऱ्या तीस माणसांचा प्रतिनिधी मानला, तर अशा पलटणीत सोळा-सतरा सैनिक येतात आणि दोन रांगांत ते बरोबर तीन इंचांत मावतात. हा हिशेब जुळला की अर्धे काम झाले. तो जुळत नसेल तर सैनिकांची संख्या किंवा जमिनीचे प्रमाण बदलावे. डोळ्यांना बरे दिसते म्हणून टेबलावर गर्दी करू नये.

उंचीच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणाला मर्यादा आहेत. या प्रमाणात पंधरा मिलिमीटरचा शिपाई सत्तावीस मीटर उंचीचा, म्हणजे नऊमजली इमारतीएवढा होतो. म्हणून असई गाव घराघराने उभारण्याचा मोह टाळावा. मातीच्या भिंती असलेले ते गाव जेवढी जागा व्यापत होते तेवढा कापडाचा तुकडा ठेवून त्यावर तीन-चार घरे मांडली की पुरे. नद्यांबाबत मात्र हात आखडता घेऊ नये. त्यांचे उंच, तुटके काठ हीच या लढाईची चौकट आहे. उतार सोडून अन्यत्र तोफा आणि घोडदळ नदी ओलांडू शकणार नाहीत, असा स्पष्ट नियम हवा.

वेळेचेही असेच. मुख्य झुंज दुपारी तीनच्या सुमारास पेटली आणि सहाच्या आसपास विझली. एक खेळी म्हणजे वीस मिनिटे धरली तर नऊ खेळ्या होतात. वीस मिनिटांत माणूस मैलभर चालू शकतो, पण तोफांच्या माऱ्यात रांग सरळ राखत जाणारी पलटण फार तर तीन-चारशे यार्ड सरकते. म्हणून पायदळाची चाल सहा ते आठ इंच. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर यार्ड, म्हणजे दोनच इंच. तोफेतून उडवलेल्या छर्‍यांचा पल्ला सहा इंच आणि गोळ्याचा सोळा ते वीस इंच. एवढ्या आकड्यांवरूनच वेलस्लीची अडचण उघडी पडते. त्याच्या पलटणींना संगिनीच्या टप्प्यात यायला दोन-तीन खेळ्या लागतात आणि तोवर समोरच्या शंभर तोफा मोकळ्या असतात.

सैन्य किती आणि कसे

प्रत्यक्ष लढलेले कंपनीचे सैन्य सुमारे साडेचार हजार होते. ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पलटणी, मद्रासच्या पाच देशी पलटणी, १९ वी लाइट ड्रगून्स आणि देशी घोडदळाच्या तीन रेजिमेंटी. तीसास एक या हिशेबाने दीडशे सैनिक पुरतात. म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडदळही वेलस्लीबरोबर होते, परंतु ते केळणेच्या दक्षिणेस राहिले. ते टेबलाच्या कडेला ठेवावे किंवा सरळ वगळावे.

मराठ्यांच्या बाजूला सुमारे १०,८०० कवायती पायदळ होते, म्हणजे टेबलावर साडेतीनशेच्या वर सैनिक. त्याच्या तीन ब्रिगेडी होत्या. सर्वांत मोठी अँथनी पोलमन या हॅनोव्हरच्या जर्मन अधिकाऱ्याची, दुसरी बेगम समरूची आणि तिसरी द्यूपाँची. शंभराहून अधिक तोफांसाठी आठ तोफांची एक प्रतिकृती धरल्यास तेरा प्रतिकृती होतात. खरी पंचाईत घोडदळाची आहे. मराठी घोडदळ तीस हजारांच्या घरात होते असे इंग्रज वृत्तांत सांगतात. त्यासाठी हजार घोडेस्वार रंगवावे लागतील आणि ते ठेवायला टेबल पुरणार नाही. पण यातले बहुसंख्य लढलेच नाहीत. तेव्हा प्रश्न संख्येचा राहत नाही, किती घोडदळ आणि केव्हा पुढे येईल याचा होतो. टेबलाच्या पश्चिमेला साठ-सत्तर स्वारांच्या तीन-चार तुकड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक खेळीला फासा टाकून पाच किंवा सहा पडल्यासच त्यातली एक मराठा खेळाडूच्या हाती यावी, हा उपाय मला सर्वांत समाधानकारक वाटतो.

आता मुद्द्याची गोष्ट. साडेचार हजार माणसे दुपटीहून अधिक कवायती पायदळाला आणि शंभर तोफांना हरवतात, हे टेबलावर घडवायचे कसे? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मराठी पलटणींना नियमपुस्तकातला हलका दर्जा देणे. निकाल लगेच इतिहासाबरहुकूम येतो. पण तो मार्ग खोटा आहे. वेलस्ली बगलेवर उतरतो आहे हे दिसताच पोलमनने आपली संपूर्ण रांग नव्वद अंशांत फिरवली. तिची उजवी बाजू केळणेला आणि डावी असई गावाला टेकली. शत्रू समोर असताना ही हालचाल इतक्या झटपट आणि सुव्यवस्थित करणे हे कच्च्या शिपायांचे काम नव्हे. महादजी शिंद्यांच्या काळात बेन्वा द बॉयनने उभ्या केलेल्या कवायती कंपूंची ती परंपरा होती. गोलंदाजांची तर गोष्टच वेगळी. त्यांनी कंपनीच्या तोफा ओढणारे बैल आणि तोफखान्याची माणसे इतक्या वेगाने टिपली की, वेलस्लीला आपल्या तोफा मागे ठेवून निव्वळ संगिनींवर पुढे जावे लागले. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही मराठी सैन्य मागासलेले होते हा जुना समज खोडून काढला आहे.

म्हणून माझ्या मते मराठी पायदळाला मद्रासच्या पलटणींच्या बरोबरीचा आणि गोलंदाजांना त्याहून वरचा दर्जा द्यावा. दुर्बलता दाखवायची ती सेनापतित्वात. ब्रिगेडी वेगवेगळ्या धन्यांच्या. युद्धाला तोंड फुटताच कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना फोडले होते, त्यामुळे अनुभवी अधिकाऱ्यांची वाण पडलेली. घोडदळाचे सरदार पोलमनच्या हुकमाबाहेर. खेळात याचे रूपांतर असे करता येते: पोलमनच्या स्वतःच्या ब्रिगेडला हुकूम सहज मिळतो. इतर दोन ब्रिगेडींना हलवण्यासाठी दर वेळी फाशावर चार किंवा अधिक लागतात. वेलस्लीला मात्र सारे सैन्य एका मुठीत मिळते. मराठा खेळाडूला आपल्या शिपायांचा नव्हे, तर हुकूम पोहोचत नसल्याचा संताप यावा. तो आला की प्रसंग जमला.

तीन अवघड जागा

पहिली अडचण उताराची. मराठ्यांच्या बाजूने खेळणाऱ्याने इतिहास वाचलेला असतो. तो पहिल्याच खेळीत उतारावर दोन पलटणी आणि दहा तोफा नेऊन ठेवील आणि खेळ तिथेच संपेल. यावर जुना उपाय म्हणजे वेषांतर. नकाशा आरशातल्यासारखा उलटवायचा, गावांची नावे बदलायची, सैन्यांना दुसऱ्याच देशाचे गणवेश द्यायचे आणि खेळ संपल्यावरच ही असई होती हे सांगायचे. दुसरा उपाय, नदीवर चार संभाव्य उतार दाखवून त्यांच्यावर पालथी पत्ती ठेवायची. खरा उतार कोणता हे फक्त पंचाला ठाऊक. सर्वांत साधा उपाय म्हणजे वेलस्ली नदी ओलांडून उभा आहे आणि पोलमन आपली रांग फिरवतो आहे, या क्षणापासूनच खेळ सुरू करणे. नवख्यांसाठी तोच बरा.

दुसरी अडचण ऑरॉकची. कर्नल ऑरॉकच्या हाताखालील पहाऱ्याच्या तुकड्या उजव्या टोकाला होत्या. त्यांनी असईपासून दूर राहायचे होते, पण त्या गावाच्या रोखाने भरकटल्या. त्यांच्यामागून ७४ वी पलटणही गेली आणि गावातल्या तोफा व बंदुका यांच्या तोंडी सापडली. वर मराठी घोडदळ तुटून पडले. ७४ व्या पलटणीचे बहुतेक सर्व अधिकारी पडले. मॅक्सवेलच्या घोडदळाने धाव घेतली नसती तर पलटण नामशेष झाली असती. ही चूक खेळात सक्तीने घडवून आणावी का? सक्ती केली तर खेळाडूला वाटते, आपण नाटकातले पात्र आहोत. मोकळीक दिली तर कोणीच असईकडे जात नाही आणि लढाईचा अर्धा थरार नाहीसा होतो. मधला मार्ग असा की, उजव्या टोकाच्या तुकडीसाठी प्रत्येक खेळीला फासा टाकावा. एक किंवा दोन पडल्यास ती गावाच्या दिशेने सरकेल. वेलस्ली स्वतः सहा इंचांच्या आत उभा असेल तर फासा टाकायची गरज नाही. पण मग डावीकडे, जिथे ७८ व्या पलटणीला तोफांवर चालून जायचे आहे, तिथे तो नसेल. सेनापती एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, हे शिकवणारा याहून चांगला नियम मला माहीत नाही.

तिसरी अडचण, आणि या प्रसंगातील सर्वांत रसरशीत भाग, मेल्याचे सोंग घेतलेल्या गोलंदाजांचा. कंपनीचे पायदळ तोफांच्या रांगेवरून पुढे निघून गेले. तोफांखाली पडून राहिलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि विजयी पलटणींच्या पाठीवर मारा सुरू केला. वेलस्लीला ७८ वी पलटण आणि देशी घोडदळाची सातवी रेजिमेंट घेऊन मागे यावे लागले आणि त्या तोफा पुन्हा जिंकाव्या लागल्या. या धुमश्चक्रीत त्याच्या घोड्याला भाल्याचा घाव बसला. नियम सोपा आहे: घेतलेली तोफ टेबलावरून उचलायची नाही. तिच्यापाशी पलटण ठेवली नसेल तर पुढच्या खेळीला फासा टाकायचा आणि चार ते सहा पडल्यास ती पुन्हा जिवंत. आता इंग्रज खेळाडूला निवड करावी लागते. थोडक्या पलटणींपैकी एक तोफांच्या पहाऱ्यावर खर्ची घालायची, की पाठ उघडी टाकून पुढे जायचे? मराठा खेळाडूच्या चेहऱ्यावर हसू फुटण्याची ही जागा आहे.

जय-पराजय कशावरून ठरवायचा, हा शेवटचा प्रश्न. प्रत्यक्षात मराठी पायदळाने जुईच्या काठाशी पाठ टेकून पुन्हा रांग धरली. तिच्यावर दुसरा हल्ला चढवताना मॅक्सवेल मारला गेला. नंतर ते पायदळ नदीपार निघून गेले. कंपनीच्या हाती ९८ तोफा लागल्या. पण तिचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले होते. एकूण १,५८४, म्हणजे लढलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक. पाठलागाचे बळ उरले नव्हते. स्टीव्हन्सनची दुसरी फौज २४ तारखेच्या संध्याकाळी येऊन पोहोचली. त्यामुळे ‘मैदान कोणाकडे’ एवढ्यावर निकाल लावणे अन्यायाचे होईल. नवव्या खेळीअखेर दोन तृतीयांश तोफा घेतलेल्या आणि हानी एक तृतीयांशाच्या आत, तर वेलस्लीचा निर्विवाद विजय. तोफा घेतल्या पण हानी त्याहून जास्त, तर इतिहासाशी बरोबरी. मराठा खेळाडूने निम्म्याहून अधिक पलटणी शाबूत ठेवून जुईपार नेल्या आणि तोफांपैकी निम्म्या राखल्या, तर तो जिंकला. तोफा ओढून नेण्यासाठी बैल लागतात आणि बैल मंद चालतात. त्यामुळे केव्हा माघार घ्यायची याचा निर्णय त्याला पाचव्या-सहाव्या खेळीलाच करावा लागतो.

कागदावर जमलेला प्रसंग टेबलावर कोसळणे नित्याचे आहे. म्हणून बाजू अदलाबदल करून चार-पाच वेळा तरी तो खेळून पाहावा. एका वेळी एकच आकडा बदलावा, अन्यथा कशामुळे काय बदलले ते कळत नाही. उदाहरणार्थ, मराठी तोफांना प्रत्येकी तीन फासे दिले आणि पाच-सहाला मार बसतो असे ठरवले, तर तेरा प्रतिकृतींच्या एका माऱ्यात सरासरी तेरा मार बसतात. दीडशे सैनिकांच्या फौजेचा चौथ्या हिश्श्यापर्यंत भाग हे दोन-तीन खेळ्यांत पुसून टाकील. दोन फासे दिले तर नऊच्या आसपास बसतात आणि झुंज रंगते. दहापैकी सहा डाव वेलस्ली हरला तरी प्रसंग चुकला असे समजू नये. त्या दुपारी त्याने जुगारच खेळला होता.

पंच मिळाला तर उत्तमच. प्रशियन सेनापती व्हर्डी द्यू व्हर्न्वा याने १८७६ मध्ये नियमांचे जंजाळ कमी करून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवण्याचा पुरस्कार केला होता. पालथी पत्ती, दूरच्या ब्रिगेडला धाडलेल्या चिठ्ठ्या, घोडदळाच्या आगमनाचे फासे हे सारे त्याच्याकडे सोपवता येते.

राहता राहिला खर्च. परदेशी बनावटीचे धातूचे सैनिक महाग पडतात आणि पाचशे सैनिक रंगवायला वर्ष जाते. पण सुरुवातीला त्यांची गरज नाही. तीन इंच लांब, एक इंच रुंद पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांवर पलटणींची नावे लिहावीत. निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या म्हणजे केळणा आणि जुई. सप्टेंबर अखेरचा पाऊस सरत आलेला असतो, तेव्हा जमिनीसाठी हिरवी चादर चालेल. सहा फासे आणि शिंप्याची मोजपट्टी घरात असतेच. पोलमनची रांग आधी दक्षिणेकडे तोंड करून मांडावी आणि मग ती तोफांसह पूर्वेकडे फिरवून पाहावी.